पुढच्या काचेवरचा शिक्का कसा वाचायचा? (काच बदलली, आता शंका येतेय)

निरेकाठ | १२ जून, रात्री १०:४०

मंडळी नमस्कार, जरा सविस्तर लिहितोय, वाचून मत द्या.

गेल्या महिन्यात शिरवळच्या अलीकडे एका डंपरच्या मागे होतो, खडी उडाली आणि पुढच्या काचेवर रुपयाएवढा तारा पडला. म्हटलं रविवारी बघू. दुसऱ्या दिवशी गाडी दुपारभर उन्हात उभी होती, आत बसून एसी फुल्ल सोडला आणि डोळ्यांदेखत त्या ताऱ्यातून एक रेघ निघाली ती सरकत सरकत पार खालच्या काठापर्यंत गेली. मग काच बदलण्याशिवाय इलाज नव्हता. पुण्यातल्या एका दुकानात विचारलं, ते म्हणाले सेम कंपनीची काच आहे साहेब, शोरूमला हीच बसते, तिथे फक्त दुप्पट घेतात. साडेसहा हजारात काम झालं, मी खूश.

पण आता हायवेला ऐंशीच्या पुढे गेलं की आत घोंघावतं, आधी असं नव्हतं, मागे बसणाऱ्या आईलाही जाणवलं. शिवाय ऑटो वायपर कोरड्या उन्हात मधूनच एक हात मारून जातात. जुन्या काचेचा तडा दाखवायला मी फोटो काढला होता त्यात कोपऱ्यातला शिक्का आलाय, तो नव्याशी ताडून पाहिला. जुन्यावर सगळ्यात वर गाडीच्या कंपनीचं चिन्ह, त्याखाली काच कंपनीचं नाव, मग लॅमिनेटेड, मग अकूस्टिक असा शब्द, आयएसआय चिन्ह, आणि गोलात इंग्रजी ई व त्यापुढे २. नव्यावर काच कंपनीचं नाव तेच, लॅमिनेटेड आहे, आयएसआय आहे, ई चा गोल आहे, पण गाडीचं चिन्ह नाही आणि अकूस्टिक शब्द नाही. फसवणूक झाली का माझी? कुणाला हे वाचता येत असेल तर प्लीज सांगा.

रस्ताभर | १२ जून, रात्री ११:१५

ई २ म्हणजे फ्रान्स. दोन्ही काचा फ्रान्सच्या आहेत म्हणजे इम्पोर्टेड, चांगलीच मिळाली तुम्हाला. आवाज दाराच्या रबरचा असेल.

शिक्कामोर्तब | १३ जून, सकाळी ६:५०

रस्ताभर, ई २ म्हणजे फ्रान्स हे बरोबर आहे, पण काच तिथे बनली असा त्याचा अर्थ नाही. गोलातला आकडा सांगतो की त्या नमुन्याला मान्यता कुठल्या देशाने दिली. १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन असे आकडे ठरलेले आहेत. काच चाकणला बनो नाहीतर चीनमध्ये, मान्यता फ्रान्सची असू शकते. त्याच्या शेजारी ४३ आर असं छापलेलं असतं, तो गाड्यांच्या काचांसाठीचा युरोपीय नियम क्रमांक ४३. गंमत अशी की जपानचा देश-आकडाही ४३ आहे, त्यामुळे ४३ दिसलं की लोक जपानी काच म्हणून मोकळे होतात. गोलाच्या आत ४३ असेल तरच जपानची मान्यता, बाहेर आर सोबत असेल तर तो नियम.

मी ३१ वर्षं काचेच्या तपासणीत काढली, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं लांबेल.

निरेकाठ, त्या शिक्क्यात एखादा रोमन आकडा आहे का बघा. रोमन एक असेल तर पुढची काच टफन्ड (तापवून कडक केलेली), दोन असेल तर साधी लॅमिनेटेड, तीन असेल तर प्रक्रिया केलेली लॅमिनेटेड, चार म्हणजे काच आणि प्लास्टिक मिळून. पाच दिसला तर त्यातून सत्तर टक्क्यांपेक्षा कमी उजेड येतो, तो पुढच्या काचेवर दिसताच कामा नये, मागच्या गडद काचांवर सापडेल. दारांच्या साध्या टफन्ड काचांवर रोमन आकडा नसतोच, त्यामुळे तिथे शोधत बसू नका.

आयएसआय चिन्हाच्या वर आयएस २५५३ आहे का आणि खाली सीएम/एल लिहून लांब नंबर आहे का तेही बघा. तो नंबर म्हणजे कारखान्याचा परवाना. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे त्यात तो टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की संपलाय ते कळतं. नुसतं आयएसआय चिन्ह आणि खाली नंबर नाही, अशी काच दुकानातून उचलूच नये.

काचकाम_भोसरी | १३ जून, दुपारी १:२०

दादा मी काचा बसवायचंच काम करतो, २२ वर्षं झाली. काकांनी शिक्क्याचं सांगितलं ते बरोबर आहे, मी धंद्यातलं सांगतो.

दुकानदार तुम्हाला खोटं नाही बोलला पण अर्धं बोलला. कंपनी तीच आहे. पण एकच कंपनी एकाच गाडीसाठी चार चार प्रकारच्या काचा काढते. बेस मॉडेलची साधी, त्यावरच्या मॉडेलची हिरवट उन्हाची, टॉप मॉडेलची रेन सेन्सरची जागा असलेली आणि आवाज अडवणारी, आणि आता कॅमेरावाल्या गाड्यांची अजून वेगळी. चौघींचा आकार एकच, चौकटीत चारी बसतात. गाडीचं चिन्ह नाही म्हणजे ती शोरूमच्या पार्टची नाही, बाजारात विकायला काढलेली आहे, त्यात वाईट काही नाही, मी रोज बसवतो. पण अकूस्टिक शब्द गेला म्हणजे वेगळा माल आला, तो त्यांनी आधी बोलायला पाहिजे होता.

अकूस्टिक म्हणजे काय तर लॅमिनेटेड काच ही सँडविच असते, दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर, साधारण पाऊण मिलिमीटर. दगड लागला तरी काच त्या थराला चिकटून राहते, अंगावर येत नाही. अकूस्टिकमध्ये त्या थराच्या पोटात अजून एक मऊ थर असतो, तो हवेचा आणि इंजिनचा घुमणारा आवाज खातो. डोळ्याने काही फरक दिसत नाही. काही काचांवर शब्दाऐवजी कानाचं छोटं चित्र असतं.

पण लगेच भांडायला जाऊ नका. आवाज दोन कारणांनी येतो. काचेच्या वरच्या कडेला पट्टी नीट बसली नसेल तर वारा शीळ घालतो. रंगाऱ्यांची कागदी टेप आणा, काचेच्या वरच्या आणि दोन्ही बाजूच्या कडांवर लावा आणि हायवेला एक चक्कर मारून या. आवाज गेला तर पट्टीचा दोष, राहिला तर काचेचा.

वायपरचं कारण मला इथे बसून दिसतंय. रेन सेन्सर काचेला आतून एका पारदर्शक जेलच्या चकतीने चिकटवलेला असतो. तो काचेत उजेड सोडतो आणि परत किती येतो ते मोजतो, बाहेर थेंब असला की कमी येतो. जुनी चकती तशीच परत दाबली की आत हवेचे बुडबुडे राहतात आणि सेन्सरला तो पाऊस वाटतो. बाहेरून आरशाच्या मागे मोबाईलचा टॉर्च मारून बघा, बुडबुडे दिसतील.

रानजाई | १३ जून, संध्याकाळी ७:०५

दादा, खूप छान सांगितलंत. माझा प्रश्न जरा बाजूचा आहे पण विचारते. मी गाडीत काच फोडायची छोटी हातोडी ठेवते. परवा दाराच्या काचेवरचा शिक्का सहज वाचला तर पुढच्या दोन्ही दारांवर लॅमिनेटेड लिहिलंय आणि मागच्या दारांवर टेम्पर्ड. हे असं वेगवेगळं असतं का? आणि हातोडी चालेल ना?

काचकाम_भोसरी | १३ जून, रात्री ९:३०

ताई फार बरं झालं विचारलंत. महागड्या गाड्यांत आवाज कमी यावा म्हणून पुढच्या दारांनाही लॅमिनेटेड काच देतात. ती हातोडीने फुटत नाही. तडकेल, जाळं होईल, पण थर फाटत नाही आणि बाहेर पडता येत नाही. टेम्पर्ड किंवा टफन्ड काचेवर कोपऱ्यात टोक मारलं की पूर्ण काच खडीसाखरेएवढ्या तुकड्यांत खाली येते. तुमच्या गाडीत मागचीच दारं फुटणार. घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा कुठली काच फोडायची, पाण्यात गाडी अडकली तर तिथे शिक्का वाचत बसायला वेळ नसतो.

शिक्कामोर्तब | १३ जून, रात्री १०:१०

भोसरीकरांनी हे सांगितलं त्याबद्दल त्यांचे आभार. पुढची आणि दाराची काच वेगळी का याचं थोडं शास्त्र लिहितो. टफन्ड काच भट्टीतून तापवून काढतात आणि दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत मारतात. बाहेरचा पापुद्रा आधी आवळतो, आतला नंतर, आणि त्या ओढाताणीतच तिचं बळ असतं. म्हणून ती भक्कम, पण एकदा तोल गेला की सगळीकडून एकदम फुटते. पुढच्या काचेला हे चालत नाही, भर वेगात समोरचं सगळं पांढरं होईल. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०० व्या नियमाने पुढची काच लॅमिनेटेडच लागते, आणि पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे.

शिक्का पुसट झाला असेल तर घरी करता येण्यासारखी एक परीक्षा आहे. पोलराइज्ड गॉगल घाला आणि सकाळी मोकळ्या आकाशाखाली मागच्या काचेकडे तिरपं बघा. निळसर-करड्या ठिपक्यांची नक्षी दिसेल. तेच त्या गार हवेच्या झोतांचे ठसे. पुढच्या लॅमिनेटेड काचेवर तशी नक्षी दिसत नाही.

थेम्सकाठचा | १४ जून, पहाटे २:३०

इंग्लंडमधल्या रेडिंगहून लिहितोय. ताऱ्याबद्दल एक माप सांगतो जे तिकडेही कामाला येईल. इथे गाडीची वार्षिक एमओटी तपासणी असते. स्टिअरिंगच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना मिळून २९० मिलिमीटरचा उभा पट्टा धरतात, त्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठा तडा असेल तर गाडी नापास. वायपर फिरतो त्या बाकीच्या भागात ४० मिलिमीटरपर्यंत चालतं. निरेकाठ, तुमचा तारा त्या पट्ट्याच्या बाहेर असता आणि त्याच दिवशी रेझिन भरून घेतलं असतं तर काच वाचली असती बहुतेक. माझी दोनदा वाचली आहे. तारा पडला की लगेच त्यावर पारदर्शक सेलोटेप लावायची, धूळ-पाणी आत गेलं की रेझिन नीट धरत नाही.

निरेकाठ | १४ जून, सकाळी ८:१५

सेलोटेपचं आधी माहीत असतं तर! पुढे लक्षात ठेवीन. टॉर्च मारून बघितलं भोसरीकर दादा, सेन्सरच्या मागे मोहरीएवढे सात-आठ बुडबुडे स्पष्ट दिसतायत. टेपची परीक्षा रविवारी करतो. रोमन आकडा दोन्हीवर दोन आहे, आणि परवान्याचा नंबर ॲपमध्ये चालू दाखवतोय. म्हणजे काच खरी आहे, फक्त माझ्या गाडीची नाही.

टोलनाका | १४ जून, सकाळी ११:००

काच बदलणाऱ्यांनी फास्टॅगचंही बघा. माझ्या काचेत उन्हाची उष्णता परतवायला धातूचा अगदी पातळ थर आहे. बदलल्यावर दुकानातल्या पोराने नवा फास्टॅग मधोमध सरळ काचेवर चिकटवला. खालापूरला बूम उघडेना, मागे रांग, हॉर्न, शेवटी माणसाने हातातल्या मशीनने स्कॅन केलं. तळेगावलाही तेच. मग कळलं की असल्या काचांत आरशाजवळ काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन मुद्दाम बिनधातूचा सोडलेला असतो, टॅग तिथेच लावायचा, धातूच्या थरातून त्याची लहर जात नाही. आता पहिल्या झटक्यात बूम उघडतो.

हिशेबनीस | १४ जून, दुपारी ३:४५

इन्शुरन्सचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. काचेला घसारा लागत नाही, प्लास्टिक-रबरच्या पार्टला ५० टक्के कापतात तसं काचेचं होत नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे हजार रुपये आपल्या खिशातून, त्यावरच्या गाडीला दोन हजार. पण एक क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो, संरक्षणाचं ॲड-ऑन घेतलं नसेल तर. ज्यांचा बोनस ५० टक्क्यांवर पोचलाय त्यांनी आधी पुढच्या वर्षीचा हप्ता किती वाढेल तो आकडा काढावा आणि मग ठरवावं. साध्या काचेला खिशातून दिलेलं परवडतं, कॅमेरावाली काच असेल तर क्लेम. कारण तिथे काचेशिवाय कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यायचा खर्च असतो, तो केला नाही तर गाडी लेन आणि पुढचं वाहन चुकीचं मोजते. बिलावर काचेचा पार्ट नंबर लिहून घ्या, नुसतं "फ्रंट ग्लास" लिहिलेलं बिल पुढे कशालाच उपयोगी पडत नाही.

जुनीचबरी | १४ जून, रात्री ८:२०

सेकंडहँड गाडी बघतोय. काचेवरून गाडी ठोकलेली आहे का ते कळतं म्हणतात, ते कसं?

काचकाम_भोसरी | १४ जून, रात्री १०:००

शिक्क्यात कुठेतरी एकच आकडा असतो आणि त्याच्या आधी किंवा नंतर ठिपके. आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा. ठिपके आकड्याच्या आधी असतील तर सातातून वजा करायचे, नंतर असतील तर तेरातून. म्हणजे ८ च्या आधी तीन ठिपके तर एप्रिल २०१८, ९ च्या नंतर दोन ठिपके तर नोव्हेंबर २०१९. बऱ्याच कंपन्यांची ही रीत आहे, काहींची वेगळी आहे, त्यामुळे महिन्यावर अडून बसू नका, वर्ष बघा. गाडीच्या सगळ्या काचा फिरून वाचा. गाडी २०१८ ची आणि काचा १८ च्या, एकच दार २१ चं, तर त्या दाराला काय झालं ते मालकाला विचारायचं. पुढची काच एकटी बदललेली असेल तर घाबरू नका, आपल्या रस्त्यांवर ते चालतंच. पुढची, डावं पुढचं दार आणि डावं मागचं अशा तीन वेगळ्या दिसल्या तर गाडी सोडा.

निरेकाठ | १७ जून, रात्री ९:१०

अपडेट देतो. रविवारी टेप लावून सारोळ्यापर्यंत जाऊन आलो. वरच्या कडेची बारीक शीळ पूर्ण गेली, पण नव्वदला तो घुमणारा आवाज तसाच. म्हणजे दोन्ही दोष होते. सोमवारी दुकानात गेलो, दोन्ही शिक्क्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले आणि भांडण न करता एवढंच विचारलं की अकूस्टिक शब्द कुठे गेला. मालक बराच वेळ फोटो बघत राहिला, मग म्हणाला आमच्या पोराने गाडीचं मॉडेल विचारलं, व्हेरिएंट विचारलंच नाही. चेसिस नंबरवरून त्यांनी बरोबर पार्ट काढला, अकरा हजार दोनशेचा. मी वरचे पैसे दिले, लेबर त्यांनी सोडलं, जेलची नवी चकती घातली. यावेळी मी समोर उभा होतो. पीयू, म्हणजे काच चिकटवायचा गोंद, लावायच्या आधी चौकटीला आणि काचेच्या काळ्या कडेला प्रायमर मारला, मागच्या वेळी मी चहाला गेलो होतो तेव्हा मारला होता की नाही देव जाणे. गाडी लगेच दिली नाही, चार तास थांबवली. आता आईशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं. भोसरीकर दादा, काका, मनापासून आभार.

काचकाम_भोसरी | १७ जून, रात्री १०:३०

बरं वाटलं दादा. दोन दिवस प्रेशरने धुवू नका आणि दारं आपटू नका, एखादी काच बोटभर खाली ठेवून दार लावा, आतली हवा ओल्या पीयूला ढकलते.

दापोलीकर | १९ जून, सकाळी ७:४०

काकांची गॉगलची परीक्षा केली. वडिलांची १९९४ सालची जीप अजून घरी आहे, बाबा असताना जशी होती तशी ठेवली आहे. पुढची काच सपाट, रबरी बीडिंगमधली, शिक्का जवळजवळ गेलेला, फक्त शेवटची दोन-तीन अक्षरं दिसतात. गॉगल घालून अंगणात उभा राहिलो तर पुढच्या काचेवरच ठिपक्यांची नक्षी. म्हणजे टफन्ड ना? पावसाळ्यानंतर मुलाला तीच जीप शिकवायची आहे.

शिक्कामोर्तब | १९ जून, सकाळी ९:०५

हो, टफन्डच. त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांना तशी काच होती. मुलाच्या हाती द्यायच्या आधी बदलून घ्या.

काचकाम_भोसरी | १९ जून, दुपारी २:००

सपाट आहे म्हणजे सोपं काम. टफन्ड काच कापता येत नाही, लॅमिनेटेड कापता येते, त्यामुळे जुनी काच न फोडता उतरवून तिच्या मापावर नवी कापून देतात. फक्त कापणाऱ्याला सांगा की आयएसआयचा शिक्का तुकड्यातून कापून टाकू नकोस, खालच्या कोपऱ्यात आला पाहिजे. बीडिंग जुनं वापरू नका, एवढ्या वर्षांत रबर दगड झालेलं असतं, उतरवतानाच तुटेल. आणि नवं घेताना काचेची जाडी मोजून घ्या, लॅमिनेटेड जराशी जाड निघाली तर जुन्या मापाच्या खाचेत शिरत नाही.

दापोलीकर | १९ जून, दुपारी २:२५

जुनी काच जपून उतरवायला सांगतो. तिच्या आतल्या बाजूला बाबांनी लावलेलं गणपतीचं स्टिकर आहे, ते तेवढं नीट सोडवून नव्या काचेवर लावता येईल का?

काचकाम_भोसरी | १९ जून, दुपारी २:४०

येईल. आधी हेअर ड्रायरने गरम करा, घाई करू नका, मग एका कोपऱ्यातून दोऱ्याने सोडवा. नव्यावर लावताना वायपर फिरतो त्याच्या बाहेर, डाव्या वरच्या कोपऱ्यात लावा, म्हणजे मुलाच्या नजरेच्या आड येणार नाही.